उजवा खिळा

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

आपल्या पिकअपचं इंजिन गेलं. काल दुपारी मेकॅनिकने हेड उतरवून बघितलं आणि तसं सांगितलं. तू त्याला ओळखतोस. 'अंदाजे' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही, म्हणून तर आपण त्याला अंदाजेमामा म्हणायला लागलो. काल त्याने तो शब्द वापरला नाही. हात पुसले, "गेलं" म्हणाला आणि चहा मागवला. चहाचे पैसेही त्यानेच दिले, तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

हे पत्र तुझ्या सासऱ्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. तू माझा फोन घेत नाहीस आणि राहतोस कुठे ते मला कुणी नीट सांगितलेलं नाही. पाकीट तिथे कुणी उघडलं तरी हरकत नाही.

झालं ते असं. मंगळवारी गोदामातून काच भरली. शोरूमच्या दर्शनी भागाची, जाड, माणसाहून उंच. पुलाच्या चढावर गाडीची ओढ कमी झाली. वजनामुळे असेल म्हणून मी गिअर खाली घेतला. मग बॉनेटच्या कडेने वाफ आली आणि आतून ठोकल्यासारखा आवाज यायला लागला. तापमानाचा काटा मात्र शहाण्यासारखा मधोमध उभा. मामा म्हणतो, पाणीच उरलं नाही की काटा मोजणार काय, तो तिथेच झोपतो. मी गाडी तिथल्या तिथे बंद करायला हवी होती, हे मला आता गल्लीतला प्रत्येक माणूस सांगतो. पण मागे काच, काचेच्या मागे गाड्यांची रांग, आणि रांगेतला प्रत्येक जण हॉर्नवर बसलेला. म्हटलं, चढ संपला की कडेला घेऊ. चढ संपायच्या आधी तीच संपली. परत किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्'.

खालच्या रबरी पाइपला बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती. तिथून पाणी थेंब थेंब जात राहिलं. हेड वाकलंय, दोन पिस्टन चिकटलेत, ऑइलमध्ये पाणी शिरून ते दुधासारखं झालंय. मामाच्या मते हेच इंजिन उघडून बसवणं म्हणजे मेलेल्या माणसाला औषध पाजणं. भंगारवाल्याकडे आपल्याच मॉडेलची एक गाडी आलीय, मागून ठोकलेली; तिचं इंजिन चांगलं आहे. ते घ्यायचं तर आपली गाडी आज विकून जेवढे येतील, त्याच्या निम्मे त्यातच जातील. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव वहिनीने मोडू दिली. पावती माझ्यासमोर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली.

आता तुझं काम. दुसरं इंजिन म्हणजे दुसरा नंबर. तो गाडीच्या कागदावर चढवायला मालकाची सही लागते. गाडी घेतली तेव्हा माझ्या नावावर घराचं कर्ज होतं, म्हणून कागद तुझ्या नावावर केले. तेव्हा केवढे हसलो होतो आपण. दादा चालवणार आणि मालक मागे काच धरून उभा राहणार. तो मालक आता लागतोय.

फॉर्म सोबत जोडलाय. खूण केलीय तिथे सही कर आणि परत पाठव. काचवाला मार्चच्या सुरुवातीपर्यंत थांबायला तयार आहे. मी भाड्याची पिकअप घेऊन त्याची काच पोचवतोय. तोपर्यंत आपली गाडी चालू झाली नाही, तर तो काम दुसऱ्याला देणार. त्याच्याशिवाय माझ्याकडे दुसरं काम नाही, हे तुला माहीत आहे.

आई बरी आहे. तिने विचारलं नाही, म्हणून मीही तिला तुझ्याबद्दल काही सांगितलेलं नाही. काय सांगितलं नाही ते तुला कळेल.

दादा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

फॉर्म आला नाही. तुझ्या ऑफिसातल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पाकीट तुला त्याच दिवशी मिळालं आणि तू ते त्यांच्यासमोरच उघडलंस. "वाचून खिशात ठेवलं," एवढंच त्यांनी सांगितलं. बाई चांगल्या आहेत. तुझ्यासाठी खोटं बोलल्या नाहीत.

इंजिन आणलं. मामाच्या गॅरेजमध्ये फळ्यांवर ठेवलंय, वर गोणपाट. येणारा जाणारा गोणपाट उचलून बघतो आणि मान हलवतो. आपली जुनी गाडी शेजारी उभी आहे, पुढचं तोंड उघडं, आत नुसतं भोक.

भाड्याच्या पिकअपबरोबर तिचा ड्रायव्हर येतो. तोच काच उचलायला दुसऱ्या बाजूला उभा राहतो. माणूस वाईट नाही, पण त्याला थांबता येत नाही. मी 'उचल' म्हणायच्या आधीच त्याची बाजू वर. काच तिरकी होते, कोपऱ्यावर वजन येतं. त्याला म्हटलं, "अरे, दोघांनी एकदम." तर म्हणतो, "मग तुम्ही लवकर उचला ना." काल जिन्याच्या वळणावर एक आरसा गेला. त्याचा फोन वाजला आणि त्याने एक हात सोडला. काच फुटली की जिच्या घरी फुटली ती बाई बोलायला लागते. ती बाई बराच वेळ बोलली. ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "काही नाही, तू बोल."

आता मूळ मुद्दा. मागच्या पत्रात तो लिहिला नाही, कारण पाकीट दुसऱ्याच्या हाती पडेल असं वाटलं होतं. ते तुलाच मिळालंय, तेव्हा सरळ विचारतो.

पाणी बघितलं नव्हतंस, तर किल्ली उजव्या खिळ्यावर का लावत होतास?

पॅसेजमधले ते दोन खिळे आपण ठोकले, तो दिवस तुला आठवत असेल. डाव्यावर किल्ली म्हणजे गाडी घरी आली, अजून तपासायची आहे. उजव्यावर म्हणजे ऑइल-पाणी बघून झालं, नुसती काढ आणि चालू कर. संध्याकाळी मी डाव्यावर टांगायचो. सकाळी तू उठून बॉनेट उघडायचास, बघायचास आणि उजव्यावर लावायचास. मी कपबशी ठेवून बाहेर यायचो, उजवा खिळा बघायचो आणि निघायचो. इतकी वर्षं मी तुला एकदाही 'पाणी बघितलंस का' म्हणून विचारलेलं नाही. असं न विचारणारा थोरला भाऊ शोधून दाखव.

तू गेल्यावर काही महिने मीच बघायचो आणि मीच किल्ली उजवीकडे लावायचो. स्वतःच टांगायची आणि लगेच स्वतःच काढायची. वहिनी हसायची. मग नोव्हेंबरात एके दिवशी बाहेर आलो, तर किल्ली आधीच उजवीकडे होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.

जाताना तू पॅसेजच्या जाळीच्या दाराची किल्ली परत दिली नव्हतीस. वहिनी म्हणाली होती, मागून घ्या. मी म्हटलं, राहू दे त्याच्याकडे. म्हणून नोव्हेंबरात मला वाटलं ते हे. तू पहाटे कामावर जाताना वाकडी वाट करून येतोस, गाडी बघतोस आणि कुणाला न भेटता जातोस. बोलायचं नाही, पण गाडी टाकायची नाही. तुझ्या स्वभावाला ते शोभण्यासारखंच होतं. मी तुला पकडायला कधी लवकर उठलो नाही. पकडलं असतं तर तू यायचा थांबला असतास. घरातही कुणाला बोललो नाही. पहाटेच्या थंडीत बॉनेटखाली हात गारठू नयेत म्हणून पुढच्या सीटवर कातडी हातमोजे ठेवले. तू घेतले नाहीस. मला वाटलं, अजून राग आहे.

रेडिएटरच्या पाण्याचा निळा डबा पॅसेजमध्ये भरून ठेवायचो. तो कधी कमी व्हायचा नाही. मी खूश. म्हटलं, या वयात गाडी पाणीही मागत नाही. मामाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "डबा भरलेला राहिला म्हणजे गाडी पाणी पीत नाही, असा हिशेब लावलास? अंदाजे धन्य आहेस."

तर मला सांग. तू येत होतास आणि बघत नव्हतास? नुसती किल्ली इकडची तिकडे करायला यायचास? आळस असेल तर आळस म्हण. सूड असेल तर तेही सांग, निदान कळेल तरी. पाण्याच्या दोन तांब्यांचं काम होतं रे. आणि आता सहीही देत नाहीस.

दादा


२५ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझी चिठ्ठी मिळाली. 'मी एकदाही आलो नाही. सही हवी असेल तर आधी तो शब्द मागे घे.' एवढ्याच दोन ओळी. खाली नावही नाही.

पहिल्या ओळीवर माझा विश्वास बसला नव्हता. पण काल तुझ्या बायकोने वहिनीला फोन केला आणि तेच सांगितलं. नोव्हेंबरपासून तू पहाटे सासऱ्यांचा मोठा ट्रक घेऊन निघतोस, ते अगदी उलट्या दिशेला. वहिनीने फोन ठेवला आणि म्हणाली, "ती रडत होती. आपल्याकडचं कुणी इतके दिवस वाट बघत होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं." मी म्हटलं, वाट कोण बघत होतं? ती म्हणाली, "बरं."

मग किल्ली कोण हलवत होतं, हे घरातच विचारायला हवं होतं. आई खिडकीशी बसून भाजी निवडत होती.

"आई, सकाळी गाडीची किल्ली कोण हलवतं?"

"कोण म्हणजे? मी."

"तू?"

"मग काय, किल्लीला पाय फुटतात?"

"पण का?"

"का म्हणजे? तिची जागा ती आहे. धाकटा तिथेच लावायचा. तू आपली मेली डाव्या कोपऱ्यात अडकवतोस." ती भाजीच निवडत होती. "सकाळी उठलं की पहिली नजर तिकडे जाते. डावीकडे दिसली की वाटतं, घरात कुणी उठलेलंच नाही. उजवीकडे असली की बरं वाटतं. म्हणून लावते. थंडी पडली तेव्हापासून लावते. काय बिघडलं?"

मी तिला सांगितलं. डावा म्हणजे काय, उजवा म्हणजे काय, सगळं.

"हे कुणी ठरवलं?"

"आम्ही दोघांनी."

"मला सांगितलंत?"

वहिनी ओट्याशी उभी होती. म्हणाली, "मलाही नाही सांगितलं. मला वाटायचं, दोन खिळे आहेत, दोन भाऊ आहेत."

घरात इतकी माणसं आणि दोन खिळे, आणि खिळ्यांची भाषा फक्त आपल्या दोघांना येत होती. त्यातला एक निघून गेला, तर उरलेल्याने ती कुणाशी बोलायची? मी भिंतीशी बोलत होतो आणि भिंत उत्तर देत होती.

मग आईने विळी बाजूला सरकवली. "मग इतके दिवस तुला काय वाटत होतं? कोण हलवतं?"

मी खाली पडलेलं एक पान उचलून भाजीत टाकलं.

"बोल की."

"धाकटा येऊन जातो, असं वाटत होतं."

"रोज?"

"रोज."

"रोज तो दारात येऊन जातो असं तुला वाटत होतं, आणि मला सांगितलं नाहीस?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "एकदा सांगायचंस रे. मी दारातच बसले असते."

आणि खरंच आहे. ती दारात बसली असती, तर पहिल्याच सकाळी कळलं असतं की कुणी येत नाही. मी बॉनेट उघडलं असतं. चीर दिसली असती. पाइपला लागतात तेवढ्या पैशांत सगळं भागलं असतं. तुला चोरून येऊ द्यायचं म्हणून मी ती गोष्ट स्वतःजवळ ठेवली, आणि त्यात इंजिन गेलं. नसलेल्या माणसाला नसलेल्या वेळी पकडायचं नाही म्हणून.

"म्हणजे गाडी मी घालवली," आई म्हणाली.

"नाही."

"मग कुणी?"

मी तुझं नाव घेतलं. म्हटलं, जो गेला त्याने. हे पटण्यासारखं नाही, मला माहीत आहे. पण जो समोर नाही त्याच्यावर ढकललं की तो निदान तिथल्या तिथे उत्तर देत नाही. तूही माझ्यावर तेच करत असशील.

आई तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला वाढते, पाणी देते. पॅसेजमधून जाताना भिंतीकडे बघत नाही.

तुझ्या दुसऱ्या ओळीचं उत्तर नंतर देतो. आज देणार नाही.

दादा


२ मार्च

धाकट्या,

शब्द मागे घेतला. साक्षीदार मामा. विश्वास नसेल तर त्याला फोन करून विचार.

तो शब्द मी गॅरेजमध्ये वापरला होता, म्हणून मागेही तिथेच जाऊन घेतला. त्या दिवशी तू आलास, सासऱ्यांनी मोठा ट्रक आणि राहायला खोली देऊ केलीय म्हणालास, आणि मी म्हटलं, "जा, घरजावई हो. तिथे काच धरावी लागणार नाही, सासऱ्याची पिशवी धरलीस की झालं." मामा हसला. मला वाटतं, तुला शब्दापेक्षा ते हसणं लागलं. पण तू ते कबूल करणार नाहीस, आणि चिठ्ठीत 'हसणं मागे घे' असं लिहिता येत नाही.

काल गेलो तेव्हा मामा एका टेम्पोखाली झोपलेला. नुसते पाय बाहेर.

"मामा, बाहेर या. काम आहे."

"अंदाजे पाच मिनिटं."

मामाची पाच मिनिटं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. मी उभा राहिलो आणि शेवटी त्याच्या पायांनाच सांगितलं, "मी धाकट्याला घरजावई म्हटलं होतं. ते मागे घेतो."

खालून आवाज आला, "कुणाला?"

"धाकट्याला."

"कधी म्हटलंस?"

"तुम्ही हसला होतात."

"मी रोजच हसतो. गिऱ्हाइकाचं बिल करतानाही हसतो." थोडा वेळ पाना फिरल्याचा आवाज. "बरं, घेतलास मागे. अजून कुणाला काही म्हटलं असशील तर तेही आत्ताच घे, आणि तो बाराचा पाना इकडे सरकव."

असा तो कार्यक्रम झाला. मी पाना सरकवला. हलकं वगैरे काही वाटलं नाही. शब्द मागे घेतलाय, मत नाही. तू गेलास तो ट्रकसाठी गेलास, असंच मला वाटतं. पण मत काय, माझं माझ्यापाशी राहू शकतं. त्यासाठी सही अडवायचं कारण नाही.

इंजिन बसलं. काल संध्याकाळी चालू केलं. आवाज वेगळा आहे, जरा पातळ. आपल्याच गाडीत बसून परक्या घरात बसल्यासारखं वाटतं. मामाने पाइप सगळे नवे टाकले आणि एकेक दाखवला, जणू मी परीक्षेला बसलोय. पण गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर काढता येत नाही. काचवाल्याने स्पष्ट सांगितलं, "कागदावर एक नंबर आणि गाडीत दुसरा, अशा गाडीत मी माल चढवणार नाही. वाटेत काही झालं तर विमावाले माझ्या तोंडावर कागद फेकतील. तुझ्यासाठी थांबलो, पण आता पुढच्या आठवड्यात मला उत्तर हवं." त्याचं चुकत नाही. दुसरा माणूस त्याच्या दुकानात दोनदा येऊन बसून गेलाय, मी बघितलाय त्याला. नवी गाडी, दोन पोरं कामाला, तिघंही गप्प आणि एकदम उचलणारे.

भाड्याच्या गाडीत मला काही उरत नाही. जे मिळतं ते तिच्या मालकाला जातं, आणि फुटलं तर माझ्या खिशातून. असं फार दिवस चालणार नाही. काचवाल्याचं काम गेलं तर मी एक चालू गाडी घेऊन बसेन, जिला बाहेर काढता येत नाही. मग ती भंगारातच जाईल, नव्या इंजिनासकट.

नवा फॉर्म पाठवतोय, पहिला हरवला असं सांगायची सोय म्हणून. तुला जे हवं होतं ते मी केलं. आता तुझी पाळी.

दादा

ता. क. सासऱ्यांच्या ट्रकचं पाणी सकाळी कोण बघतं? तूच बघत असशील.


८ मार्च

धाकट्या,

तुझे कागद चालले नाहीत. आज सकाळी नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने खिडकीतून परत केले. इंजिन बदललंय आणि मालकही बदलतोय, दोन्ही एकदम, म्हणून जुना मालक स्वतः समोर हवा, असं त्याने सांगितलं. मी म्हटलं, मालक बदलत नाहीये, फक्त इंजिन. त्याने पाकिटातला दुसरा कागद काढून माझ्यासमोर धरला. "मग हे काय आहे?"

तो कागद मी तोपर्यंत बघितला नव्हता. तुझ्या सासऱ्यांचा माणूस काल पाकीट देऊन गेला. वरचा फॉर्म दिसला, त्यावर तुझी सही दिसली, आणि मी पाकीट तसंच बंद करून ठेवलं. खाली दुसरा फॉर्म आहे, हे मला खिडकीत उभं राहून, मागे रांग असताना कळलं. गाडी माझ्या नावावर करून देण्याचा. तिथेही तुझी सही, स्वच्छ, एकेक अक्षर सुटं. आणि टाचणीने लावलेली चिठ्ठी: 'गाडी पूर्ण तुझी. आता कशासाठीही लिहावं लागणार नाही.'

कारकून ती चिठ्ठीही वाचत होता. मान खाली घालून म्हणाला, "मंगळवारी अकराला या. दोघंही. ओळखपत्रं आणा."

मी तुझ्याकडे एक सही मागितली होती. तू दोन दिल्यास. लोक म्हणतील, केवढा मनाचा मोठा भाऊ, अख्खी गाडी देऊन टाकली. वहिनीला सांगितलं, तर तीही पहिल्यांदा "मग बरंच झालं की" म्हणाली. मग तिने चिठ्ठी वाचली आणि भांडी घासायला गेली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

गाडीचं म्हणशील तर मला नाही म्हणता येत नाही. काचवाला बुधवारपर्यंत थांबेल, त्याने शब्द दिलाय. मंगळवारी काम झालं तर बुधवारी पहिली खेप माझी. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर माझ्याकडे रोजावर यायला तयार आहे. त्याने 'उचल' म्हटल्यावर उचलायचं कबूल केलंय, फोन खाली ठेवूनच येईन म्हणालाय. बघू. कुणाबरोबर तरी काच उचलावीच लागणार.

तू मंगळवारी येशील, याबद्दल मला शंका नाही. बोलावलं म्हणून माणूस येईलच असं नाही, पण सुटायला येतो, आणि वेळेवर येतो. अकराला म्हटलं तर तू पावणेअकराला खिडकीशी असशील. फोटो, ओळखपत्र, सगळं नीट पाकिटात. तुझे कागद नेहमीच नीट असतात.

मीही येईन. भांडणार नाही. तिथे भांडायला जागाही नाही. एक लांब बाक आहे, पंखा आहे, आणि खिडकीच्या काचेला बोलायला पाडलेलं गोल भोक. काच जाड आहे, चांगली आहे, पण कडा घासलेल्या नाहीत. कारकून विचारेल, दोघांची काही हरकत? इंजिनाच्या कागदाला माझी हरकत नाही. दुसऱ्याला काय उत्तर देईन, ते मला आज माहीत नाही. नाही म्हटलं तर तू म्हणशील, अजून माझ्यावर हक्क हवाय. हो म्हटलं तर तुझ्या चिठ्ठीखाली मीच सही केल्यासारखं होईल. तू विचार करूनच हे केलंयस. ते मात्र मानलं.

एक गोष्ट तुला आधी कळायला हवी, म्हणून हे पत्र उद्या तिकडे येणाऱ्या पहिल्या माणसाबरोबर पाठवतोय. आई मंगळवारी माझ्याबरोबर येणार आहे. मी नको म्हटलं होतं. म्हटलं, सरकारी काम, उगाच ताटकळशील. ती म्हणाली, "ताटकळायचं काय? मी बाकावर बसेन. तो येणार आहे ना?" मी हो म्हटलं. तिने निळं लुगडं काढून ठेवलंय आणि चष्म्याची मोडलेली काडी वहिनीकडून दोऱ्याने बांधून घेतलीय, तुझं तोंड नीट दिसावं म्हणून. आज किती दिवसांनी माझ्याशी हसून बोलली. विचारत होती, ऑफिस किती वाजता सुटतं, त्यानंतर त्याला घरी आणता येईल का.

मी तिला सांगितलंय की तू इंजिनाच्या कागदावर सही करायला येतोयस. दुसऱ्या कागदाबद्दल काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. ती बाकावर बसलेली असेल. तू खिडकीकडे जाण्याआधी तिच्याशेजारी बसायचं आणि तो कागद काय आहे ते तिला सांगायचं. तुझ्या तोंडाने. गाडी माझ्या नावावर झाली, तर तुझ्या वाटचं पाणी, ऑइल, विमा, सगळं मी बघेन. पण आईला सांगायचं तेवढं एक मी तुझ्यासाठी करणार नाही.

मंगळवारी, अकराला.

दादा